शेवटचे चार आकडे

गौरी-गणपतीत लालबागला बहिणीकडे होते. दुपारच्या आरतीची तयारी चाललेली, निरांजनं लागलेली, कापूर काढून ठेवलेला, खाली गल्लीत कुठल्यातरी मंडळाचा स्पीकर चालू आणि स्वयंपाकघरातून मोदकांच्या वाफेचा, हळदीच्या पानांचा वास घरभर पसरलेला. सगळे जमले, भाचा तेवढा नाही. बोलवायला आत गेले तर हा पलंगावर मांडी घालून लॅपटॉपसमोर बसलेला, म्हणाला, "मावशी दोनच मिनिटं, साडेबाराला कोटा रिसेट होतोय." मला काही कळलं नाही पण स्क्रीनवर जे दिसत होतं ते बघत मी तिथेच उभी राहिले. एका मराठी चॅनलचं नाव, त्याखाली भला मोठा आकडा, वीस लाखाला थोडेच कमी, आणि त्यातले शेवटचे आकडे रिक्षाच्या मीटरसारखे सतत पुढे सरकत होते. एक वाढला, दोन वाढले, मधेच एक कमी झाला, परत तीन वाढले. कुठेतरी कुणीतरी ह्या क्षणाला ते सबस्क्राइबचं बटण दाबतंय असं वाटून मला छान वाटलं, अगदी खरं सांगते, मी त्या चॅनलचा एकही व्हिडिओ बघितलेला नाही तरी म्हटलं, "अरे होतायत की वीस लाख!" तर तो स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, "मावशी, ते शेवटचे चार आकडे खरे नाहीयेत."

मग कोण फिरवतंय ते, तर म्हणे, "मीच. म्हणजे माझा कोड."

आणि उठून आरतीला आला. टाळ वाजवत होता, घालीन लोटांगणला गोल फिरला, सगळं केलं. मला मात्र आरतीभर ते फिरणारे आकडेच दिसत होते. ते खरे नाहीत म्हणून वाईट वाटत होतं का, तर तसंही नाही, मला ते आवडले होते आणि ते आवडले ह्याचाच काहीतरी त्रास होत होता.

आता हा काय करतो ते थोडं सांगायला हवं. तो आणि त्याच्या ग्रुपमधली पोरं (कोण नाशिकचं, कोण कोल्हापूरचं, एक जण तर म्हणे ब्राझीलचा, तो ह्यांच्याशी इंग्रजीत बोलतो) यूट्यूबवरच्या चॅनल्सचे आकडे नोंदवतात. कुणाचे किती सबस्क्रायबर, रोज किती व्ह्यूज, कोण कधी कुणाच्या पुढे गेलं, अजून किती दिवसांत पुढे जाईल. आणि त्यासाठी लागणारी टूल्स हीच मुलं बनवतात, काउंटर, ग्राफ, दोन चॅनल शेजारी ठेवून फरक दाखवणारं पान, अमुक टप्पा गाठला की फोनवर टिंग वाजवणारा बॉट. पैसे मिळत नाहीत. उलट सर्व्हरचे थोडेफार खिशातून जातात. मी आधी समजत होते की हे सगळं यूट्यूबच्या पानावर जाऊन बघून बघून लिहितात, पण तसं नाही, गूगल एक अधिकृत खिडकी देतं, एपीआय, तिथे आपली 'की', म्हणजे पासवर्डसारखी किल्ली, दाखवायची नि विचारायचं, ह्या चॅनलचे आकडे द्या. मोफत कीला दिवसाला १०,००० युनिट मिळतात, हाच तो कोटा. चॅनलचे आकडे विचारले की एक युनिट जातं, आणि एका वेळी पन्नास चॅनल विचारता येतात, म्हणजे नीट वापरलं तर भरपूर आहे. पण शोधाशोध केली, अमुक नावाची चॅनल्स शोधून दे असं म्हटलं, की एकदम १०० युनिट. त्यामुळे ही पोरं शोधत बसत नाहीत, चॅनल्सच्या याद्या हाताने बनवतात, जपतात, एकमेकांना देतात. यादीत चॅनलचं नाव महत्त्वाचं नसतं, नाव लोक बदलतात, ते ॲटचं हँडलही बदलतात, बदलत नाही तो 'यूसी'ने सुरू होणारा चोवीस अक्षरांचा आयडी. भाच्याला काही आयडी तोंडपाठ आहेत. आमच्या लहानपणी पोरांना बॅट्समनची ॲव्हरेज पाठ असायची तसे.

आणि तो साडेबाराचा कोटा म्हणजे काय, तर ही दिवसाची मोजणी कॅलिफोर्नियातल्या मध्यरात्री नव्याने सुरू होते. तिकडे रात्रीचे बारा वाजले की इकडे लालबागमध्ये दुपारचे साडेबारा. थंडीत त्यांची घड्याळं मागे गेली की आपले दीड. त्या दिवशी वीस लाखाच्या नादात सकाळपासून दर काही सेकंदांनी विचारून विचारून ह्याने कोटा संपवलेला, आणि साडेबाराची वाट बघत बसलेला. आरती आणि कोटा एकाच वेळेला आले त्याला तो तरी काय करणार.

शेवटचे चार आकडे खरे का नाहीत त्याची गोष्ट सगळ्या आकडेवाल्या पोरांना माहीत असते, आणि ती सांगताना भाचा आमच्या पिढीतली माणसं गिरणी संपाबद्दल बोलायची तशा आवाजात बोलतो. २०१८ च्या शेवटी प्यूडीपाय आणि टी-सिरीजची शर्यत लागली. एकीकडे स्वीडनचा एकटा पोरगा खुर्चीत बसून बडबडणारा, दुसरीकडे अंधेरीत ऑफिस असलेली आपली कॅसेटवाली कंपनी, जिच्या कॅसेट आमच्या घरात शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये असायच्या. कोण आधी दहा कोटीला पोचतो. जगभरची पोरं रात्र रात्र दोन आकडे शेजारी शेजारी लावून बघत बसायची, लाइव्ह. दोघांतला फरक कधी लाखांत, कधी हजारांत, कधी कधी तर टी-सिरीज पाच मिनिटं पुढे आणि परत मागे. भाचा तेव्हा शाळेत होता, तो म्हणतो की बिल्डिंगमधली मुलं दोन गटांत वाटली गेली होती आणि हा टी-सिरीजच्या बाजूचा नव्हता. मिस्टरबीस्ट नावाच्या अमेरिकन यूट्यूबरने प्यूडीपायसाठी होर्डिंग्ज विकत घेतली होती. पुढे त्या चढाओढीत नको ते लोक नको त्या कारणांनी घुसले, २०१९ च्या एप्रिलमध्ये प्यूडीपायनेच आता पुरे म्हणून सांगितलं, आणि मे संपता संपता टी-सिरीज दहा कोटीवाली जगातली पहिली चॅनल झाली. आता गंमत बघा, त्याच टी-सिरीजला २ जून २०२४ ला मागे टाकलं ते त्या होर्डिंगवाल्या मिस्टरबीस्टने.

पण त्याच मे महिन्यात यूट्यूबने जाहीर केलं की आता सबस्क्रायबरचा पूर्ण आकडा बाहेर दाखवणार नाही. सप्टेंबर २०१९ पासून ते लागू झालं. एक हजाराच्या वरचं चॅनल असेल तर पहिले तीन आकडे दाखवायचे, पुढे शून्य, आणि एपीआयलाही तेच द्यायचं. म्हणजे १२,३४,५६७ असतील तर जगाला दिसणार १२,३०,०००. तीस कोटीच्या चॅनलचा आकडा तर एकदम दहा लाखांनीच हलतो, मधे महिनाभर काहीही झालं तरी तो ढिम्म. कारणं दोन दिली, एक म्हणजे सगळीकडे सारखा आकडा दिसावा आणि दुसरं म्हणजे हा सेकंदासेकंदाला आकडा बघत बसण्याने व्हिडिओ करणाऱ्यांना ताण येतो. दुसरं कारण मला खोटं वाटत नाही. ताण येतो, मी बघितलंय, त्याबद्दल पुढे सांगते. पण ज्याला ताण येतो त्याला त्याचा स्वतःचा पूर्ण आकडा 'यूट्यूब स्टुडिओ' ह्या त्याच्या खाजगी पानावर दिसतोच आहे, शेवटच्या एकापर्यंत. झाकला गेला तो बाकी सगळ्यांना. हे मला पटत नाही, आणि ह्या बाबतीत मी पूर्णपणे त्या पोरांच्या बाजूची आहे.

तर मग फिरणारे आकडे येतात कुठून. भाच्याने मला जेवणं झाल्यावर उकडीच्या मोदकाच्या ताटलीशेजारी लॅपटॉप ठेवून दाखवलं. आकडा १९,८०,००० चा १९,९०,००० कधी झाला ती वेळ त्याच्याकडे आहे. त्याआधीच्या उड्यांच्या वेळाही आहेत. त्यावरून रोज साधारण किती वाढतात ते काढायचं, त्याला दिवसाच्या सेकंदांनी भागायचं आणि तेवढे चढवत राहायचं, मधे मधे खरं वाटावं म्हणून एखादा कमी करायचा. त्यातली खरी गोष्ट एकच, ती उडी. ज्या क्षणी ८० चे ९० होतात त्या क्षणी, मिनिटभर मागेपुढे धरून, त्या चॅनलचे खरोखर १९,९०,००० असतात. बाकी सगळा वेळ आपण दोन उड्यांच्या मधे रंग भरतोय. म्हणून ही पोरं उडीसाठी जागी राहतात. ते मला पहिल्यांदा नीट कळलं आणि मग त्या जागरणाबद्दल माझं मत बदललं, बहिणीचं नाही बदललं, ती अजून चिडते.

"मग तो एखादा कमी का करतोस," मी विचारलं.

"नुसते वाढत गेले तर लोकांना खोटे वाटतात."

ह्यावर मी काही बोलले नाही पण हे डोक्यातून जाईना. परत येताना करी रोडला गाडीत बसले तेव्हा डब्यात समोरच्या बाकावर एक मुलगी फोनवर असाच कुठलातरी आकडा बघत होती, अंगठ्याने स्क्रीन खाली ओढायची, सोडायची, थांबायची, परत ओढायची, दादर येईपर्यंत.

आमचे बाबा बँकेत होते आणि पावसाळ्यात रविवारी कांगा लीगच्या क्रिकेट मॅचना स्कोअरिंग करायचे. मी त्यांच्याबरोबर आझाद मैदानावर जायचे, शाळेत होते तेव्हा. भिजलेल्या तंबूच्या कापडाचा वास, चिखल, कुणाच्यातरी डब्यातली साबुदाण्याची खिचडी, एकात एक घुसलेली मैदानं, कुठला फिल्डर कुठल्या मॅचचा ते बाहेरच्याला कळायचं नाही. टेबलाशी दोघे स्कोअरर बसायचे, एक ह्या क्लबचा एक त्या क्लबचा, आणि टेबलावर प्लॅस्टिकचा कागद ताणलेला. बाबा पेन्सिलीला टोक काढून तीन-चार तयार ठेवायचे कारण दमट हवेत पेनाची शाई वहीवर फुटायची. अंपायरने हात आडवा केला की बाबा इथून हात वर करायचे, आम्ही बघितलं, पुढे चला. तोपर्यंत अंपायर खेळ सुरू करायचा नाही, हे मला फार भारी वाटायचं, की एवढी मोठी माणसं बाबांचा हात वर होण्यासाठी थांबतात. निर्धाव षटकाचे सहा ठिपके जोडून ते एम काढायचे, विकेट पडलेली असेल तर त्याच ठिपक्यांचा डब्ल्यू. आणि प्रत्येक ओव्हर संपली की दोघे एकमेकांकडे न बघता बोलायचे. "अडुसष्ट दोन?" "अडुसष्ट दोन." डाव संपला की जुळवणी. बॅट्समनच्या धावा अधिक अवांतर एका बाजूला, बोलर्सनी दिलेल्या धावा अधिक बाइज आणि लेगबाइज दुसऱ्या बाजूला, दोन्हीकडून तोच आकडा यायला पाहिजे. नाही आला तर चहा थंड झाला तरी चालेल, ते दोघे वही उघडून पहिल्या ओव्हरपासून सुरुवात करायचे.

क्रिकेटचे आकडे राखणाऱ्या आनंदजी डोसांचं, सुधीर वैद्यांचं नाव बाबा घरात गुरुजींचं घ्यावं तसं घ्यायचे. मुंबईत खेळणाऱ्यांचं कौतुक सगळ्यांनी केलं पण कॉम्प्युटर नव्हते तेव्हा कागदावर आकडे राखणारी माणसंही ह्याच शहरात होती, आणि त्यातली बरीचशी बाबांसारखी, कुणी नाव न घेतलेली, रविवारची रजा घालवून बसणारी. बाबांच्या एका वहीत एका ओव्हरच्या चौकटीत पाचच चेंडू आहेत आणि सहाव्याच्या जागी काही नाही, बाजूला बारीक अक्षरात लिहिलंय, 'सर आली, दिसले नाही.' दुसऱ्या स्कोअररलाही दिसलं नसणार. तिथे एक ठिपका टाकला असता तर कुणाला कळलंही नसतं, जुळवणीही बिघडली नसती. टाकला नाही.

ही वही मी भाच्याला दाखवली का, तर हो, दाखवली, दिवाळीत. तो आजोबांच्या मांडीवर फार खेळला नाही, लवकर गेले ते. त्याने फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला, एवढंच.

चॅनलचे आकडे म्हटलं की आमच्या पिढीला टीआरपी आठवतो. माझी एक मैत्रीण गोरेगावला फिल्मसिटीत एका मालिकेच्या टीममध्ये होती, तिचं सगळं आयुष्य गुरुवारवर टांगलेलं असायचं. गुरुवारी आकडे यायचे आणि त्यावर ठरायचं की सासू मरणार की जिवंत राहणार, कुठल्या पात्राला गावाला पाठवायचं. तिने ते आकडे कुठून येतात ते कधी बघितलं नाही, तिला बघायचा अधिकारही नव्हता. कुणाच्यातरी घरी मीटर आहे, ते घर कुठलं ते गुप्त, गुप्त असायलाच पाहिजे म्हणा, आणि देशभरात अशी ४०,००० हून जास्त घरं, त्यावरून सगळ्या देशाचा अंदाज. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपी घोटाळ्याचं प्रकरण बाहेर काढलं, टीआरपी मोजणाऱ्या बार्कने बातम्यांच्या चॅनल्सचे आठवड्याचे आकडे थांबवले ते थेट मार्च २०२२ मध्ये परत सुरू केले. दीड वर्षाच्या आसपास आकडाच नाही. मैत्रीण तेव्हा म्हणाली होती, मग आता ते चॅनलवाले जगतायत कसे.

आकड्यावर जगणं म्हणजे काय ते मी बहिणीच्या मजल्यावर बघितलं. तिथे एक मुलगी आहे, नऊवारी नेसायचे, खोपा घालायचे व्हिडिओ करते, बाल्कनीतल्या उजेडात, आई फोन धरते. तिचे हजार सबस्क्रायबर झाले तेव्हा चाळीत पेढे वाटलेले मला आठवतात. मग कुणा नातेवाइकाने कमाई दाखवणाऱ्या एका साइटवर तिचं चॅनल टाकून बघितलं. अशा साइटवर लिहिलेलं असतं, महिन्याची कमाई इतक्यापासून इतक्यापर्यंत, आणि त्या दोन टोकांत दहा-पंधरा पटीचा फरक असतो. वरचं टोक लोकांच्या लक्षात राहतं. साखरपुड्यात काकाने सगळ्यांसमोर विचारलं की एवढे येतात तर भावाच्या फीला हात का आखडता. त्या मुलीला यूट्यूबकडून तोपर्यंत एक रुपया आलेला नव्हता. जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला हजार सबस्क्रायबर पुरत नाहीत, सोबत वर्षभरात ४,००० तास लोकांनी बघितलेलं असावं लागतं नाहीतर ९० दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज, आणि तिचे तास भरले नव्हते. पण साइटला ते कुठे माहीत, साइटने व्ह्यूजना एका दराने गुणलं, मग दुसऱ्या दराने गुणलं आणि दोन्ही छापले. मुलगी सांगत राहिली, कुणी ऐकलं नाही, कारण तिचं बोलणं हे बोलणं होतं आणि साइटवरचा आकडा हा आकडा होता.

मला राग आला होता तेव्हा, आणि तो राग अजून उतरलेला नाही. अंदाज करण्यात काही चूक नाही, माणूस अंदाजावरच छत्री घेऊन निघतो. पण मोजलेली गोष्ट आणि अंदाजाने धरलेली गोष्ट एकाच जाडीच्या अक्षरात, एकाच रंगात शेजारी शेजारी छापायची नसते. समोरच्याला फरक कळायला हवा, आणि तो कळवायचं काम छापणाऱ्याचं आहे, वाचणाऱ्याचं नाही. तीच साइट, तेच व्ह्यूज, तेच दोन दर, पण वर ठळक लिहिलं असतं की ह्या चॅनलला जाहिरात चालू आहे की नाही हे आम्हाला माहीत नाही, तर काकाचं तोंड बंद झालं असतं का? कदाचित नसतं झालं. तरी पण लिहायला हवं होतं.

भाच्याला हे सांगितलं तर तो माझ्याहून दोन पावलं पुढे होता. त्यांच्या ग्रुपमध्ये ह्याच्यावरून कधीपासून वाद चालू आहे. एक बाजू म्हणते की लोक येतात ते फिरणारा आकडा बघायलाच, तो काढला तर पान मेलं. दुसरी बाजू म्हणते की मग आपण आणि त्या कमाईवाल्या साइटी ह्यात फरक काय. नोव्हेंबर २०२१ मध्ये यूट्यूबने डिसलाइकचे आकडे झाकले तेव्हाही हाच वाद झाला होता, तेव्हा एपीआयची खिडकी बंद व्हायच्या आधी लोकांनी जमेल तेवढे आकडे उतरवून घेतले, आणि मग ब्राउझरमध्ये बसवायचं एक टूल आलं, ते वापरणाऱ्यांच्या डिसलाइकवरून सगळ्यांचा अंदाज दाखवणारं. काहींना ते देवासारखं वाटलं, काही म्हणाले हा आकडा आपण कुठे नोंदवायचाच नाही. भाचा त्यात नोंदवायचा नाही म्हणणाऱ्यांतला होता आणि तरी स्वतःच्या काउंटरवर मात्र शेवटचे चार आकडे फिरवत होता, हे त्याला मी सांगायची गरज नव्हती, त्याला आधीच खुपत होतं.

त्याच्या कामातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ग्राफवरची एक लाल उभी रेघ. ३१ मार्च २०२५ ला. त्या दिवसापासून शॉर्ट्सचा व्ह्यू मोजायची पद्धत बदलली, आता शॉर्ट सुरू झाला किंवा परत फिरला की झाला एक व्ह्यू, किती वेळ बघितला ते बघत नाहीत. साहजिकच बऱ्याच चॅनल्सचे व्ह्यूज एकदम वर गेलेले दिसतात. ज्याला हे माहीत नाही तो म्हणेल, वा, काय प्रगती. म्हणून ह्या पोराने प्रत्येक ग्राफवर ती रेघ मारली आणि खाली मराठीत लिहिलं, 'इथून मोजायची पद्धत बदलली. ह्याच्या आधीचे आणि नंतरचे आकडे एकमेकांशी लावू नका.' बाबांच्या वहीतही असंच होतं, आधी वाइड आणि नो-बॉल बोलरच्या नावावर चढत नसत, मग चढायला लागले, तर त्या सीझनच्या पहिल्या पानावर त्यांनी तसं लिहून ठेवलंय. त्याला हे मी सांगितलेलं नव्हतं, वही त्याने नंतर बघितली.

असल्या भानगडी ह्या क्षेत्रात खूप आहेत आणि भाचा एकदा सुरू झाला की थांबत नाही. पूर्वी व्हिडिओचे व्ह्यूज ३०१ वर येऊन अडकायचे, कारण तिथून पुढे यूट्यूब तपासायचं की बघणारी माणसं आहेत की मशीन, २०१५ मध्ये ते बंद झालं. त्याआधी २०१४ च्या डिसेंबरमध्ये गंगनम स्टाइलच्या व्ह्यूजने २,१४,७४,८३,६४७ ओलांडले, आणि बत्तीस बिटांत (त्यातला एक अधिक-उण्याच्या चिन्हाला जातो) त्याच्यापुढे आकडाच मावत नाही म्हणून यूट्यूबला मोजणीची जागा वाढवावी लागली. हे सांगताना त्याचे डोळे चमकतात. मोजायचं भांडंच भरलं, मावशी! मला ते गाणं आठवतं, सोसायटीच्या गणपतीत पोरं त्या घोड्यावर नाचायची.

शेवटी त्याने काउंटर बदलला. ग्रुपने ठरवलं म्हणून नाही, ग्रुपचं अजून ठरलेलं नाही, ह्याने आपल्या पानापुरतं केलं. आता मोठ्या काळ्या अक्षरात शेवटचा मोजलेला आकडा दिसतो आणि तो कधी मोजला ती वेळ. त्याखाली फिकट राखाडी, अंदाज, तो पण बटण दाबलं तरच. मधेच एखादा कमी करायची ती ओळ त्याने कोडमधून काढून टाकली. येणारे लोक कमी झाले, त्याने मला ग्राफ दाखवला, चांगलाच खाली गेलाय, आणि त्याला वाईट वाटतंय हे मला दिसतं. ब्राझीलचा मुलगा त्याच्या बाजूला आहे. कोल्हापूरचा नाही, त्याचं पान जोरात चाललंय.

आणि ह्या सगळ्यात त्याने नवीन एक यादी सुरू केलीये जिच्याबद्दल मला खरं तर लिहायचं होतं. मधुराज रेसिपी, भाडिपा ही नावं आपल्या सगळ्यांना माहीत, त्यांचे आकडे नोंदवणारे पुष्कळ आहेत. ह्याची यादी हजाराच्या आतल्या मराठी चॅनल्सची आहे. कारण हजाराच्या आत यूट्यूब अजून पूर्ण आकडा दाखवतं. एक हजार झाले की मग १,०१०, १,०२० अशा दहादहाच्या उड्या, पुढे शंभराच्या, हजाराच्या. जितके मोठे तितके धूसर. पण नऊशे नव्व्याण्णवपर्यंत एकेक माणूस मोजता येतो, बाहेरून, कुणालाही, काही फिरवावं लागत नाही. म्हणून तो अशी चॅनल्स शोधत असतो, शंभर युनिट घालवून. मासळी साफ करून दाखवणारी वरळी कोळीवाड्यातली एक मावशी आहे, बोंबलाचं पोट कसं काढायचं ते एवढ्या जवळून दाखवते की शिंतोडे कॅमेऱ्यावर उडतात. जुन्या घड्याळांची दुरुस्ती करणारे एक काका आहेत जे तोंडाने काहीच बोलत नाहीत. लालबागचं एक भजनी मंडळ आहे, ज्यांचे व्हिडिओ अर्धे आडवे अर्धे उभे आहेत, पखवाज इतका जवळ की आवाज फाटतो. रोज रात्री एका वेळेला ह्या सगळ्यांचे आकडे शीटमध्ये उतरतात. कुणाचा एक वाढला, कुणाचा तसाच.

भजनी मंडळाचे बुवा बहिणीच्या ओळखीचे निघाले. त्यांना कळलं की आपल्या मंडळाचा हिशोब हा पोरगा ठेवतो, तेव्हापासून दर महिन्याला त्यांना प्रिंट हवी असते, मोठ्या अक्षरात, सरावाच्या खोलीत लावायला. मधे एकदा एक सबस्क्रायबर कमी झाला तर बुवा जिना चढून विचारायला आले होते, कोण गेलं. भाच्याने सांगितलं की ते नाही कळत, कुणीतरी अकाउंट बंद केलं असेल. बुवा म्हणाले, बघ जरा, आपल्यातलं कोणी नाही ना.

यंदाच्या जुलैच्या प्रिंटमध्ये दोन तारखांच्या जागा रिकाम्या आहेत. पाऊस होता, बिल्डिंगचं वाय-फाय गेलं होतं, आकडे उतरवणारं स्क्रिप्ट चाललंच नाही. आदल्या दिवशीचा आणि नंतरचा आकडा एकच होता त्यामुळे मधे तोच असणार हे उघड आहे, मीसुद्धा म्हटलं की भर की, एवढ्या साध्या ठिकाणी काय. त्याने नाही भरला. बुवांनी चष्मा लावून प्रिंट बघितली, बोट त्या रिकाम्या जागेवर ठेवलं आणि विचारलं, हे काय. भाचा म्हणाला, "बुवा, त्या दोन दिवशी मी मोजलं नाही."

"बरं," बुवा म्हणाले, "तेव्हा आम्ही पण वारीत होतो."